शेपटीखालचं संत्रं

शरयू मॅडम, तुमचं नाव सगळ्यात आधी लिहितो. आईबाबांनी मला वाढवलं, शाळेतल्या गुरुजींनी लिहायला-वाचायला शिकवलं, पण आज मी जो कोणी आहे तो तुमच्यामुळे आहे. तुम्ही असताना हे तुमच्या तोंडावर कधी म्हणता आलं नाही. म्हणायला गेलो की तुम्ही विषय बदलायच्या. "विमानातलं तेल पाहिलं का?" असं काहीतरी विचारायच्या. आता तुम्हाला विषय बदलता येत नाही, त्याचा थोडा फायदा घेतो.

परवा आपल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये, तुमच्या आठवणीसाठी सगळे जमले होते. खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोला हार घातला होता. मोठमोठ्या विमान कंपन्यांत गेलेले तुमचे विद्यार्थी आले होते. भाषणांत तुमच्या उड्डाणाचे तास सांगितले गेले, मानपत्रं सांगितली गेली. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की मॅडम इथं असत्या तर त्यांनी हार पाहायच्या आधी मागच्या विमानाच्या टायरमधली हवा पाहिली असती. लोक हसले आणि मी खाली बसलो. बाकीचं इथं लिहितो आहे.

मी रामटेकच्या अलीकडच्या एका खेड्यातून तुमच्याकडे आलो. घरी धानाची शेती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बीएस्सी झाल्यावर शिष्यवृत्तीच्या जागेवर वैमानिक होता येतं असं वाचलं, अर्ज केला आणि निवड झाली. गावात बाबांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगा विमान चालवणार आहे, आणि सगळ्यांनी विचारलं की म्हणजे विमानात नोकरीला लागला का. बाबा म्हणाले, नाही, चालवणार आहे. पुढचे कित्येक दिवस ते हेच समजावत होते.

विमान मी बरं चालवायचो. अडचण रेडिओची होती. विमानतळाच्या टॉवरवरून इंग्रजीत सूचना आली की ठरलेल्या शब्दांत, इंग्रजीत, लगेच उत्तर द्यावं लागतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकवायचे. टॉवरचा आवाज आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. बरोबरची मुलं हसायची. तुम्ही हसला नाहीत. "रविवारी घरी ये," म्हणालात.

नागपूरच्या कडेचं तुमचं बेसा तेव्हा आजच्यासारखं इमारतींनी भरलेलं नव्हतं. तुमच्या घरासमोर मोकळे प्लॉट होते आणि अंगणात एक कडुनिंब. तुम्ही स्वयंपाकघरात, मी अंगणात. तुम्ही टॉवर, मी विमान. आत कढईत मोहरी तडतडायची, खिडकीतून तुमचा टॉवरचा आवाज यायचा आणि मी निंबाभोवती फिरत उतरायची परवानगी मागायचो. एक शब्द चुकला की आतून उत्तर यायचं, परवानगी नाही, पुन्हा फेरी मार. पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा वास अंगणभर पसरलेला आणि मी घिरट्या घालतोय. एकदा शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "बाई, त्या पोट्ट्याले काहून उपाशी फिरवून राहिल्या वं?" तुम्ही खिडकीतून म्हणालात, "त्याले अजून उतरता येत नाही." शेवटी मी बरोबर बोललो तेव्हा पोहे गार झाले होते. तसे पोहे मी पुन्हा कुठं खाल्ले नाहीत.

काही वर्षांनी तुम्ही मला तुमच्याच हाताखाली प्रशिक्षक म्हणून घेतलंत. वर्षावर्षाचा करार, संस्थेच्या समितीच्या सह्यांनी नवा होणारा. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायला मिळालं, यातच मला सगळं मिळाल्यासारखं होतं. आणि तिथं बसल्यावर मला आपले विद्यार्थी दुसऱ्या बाजूनं दिसायला लागले.

शिष्यवृत्तीच्या एकदोन जागा सोडल्या तर आपल्याकडे येणारी मुलं सुखवस्तू घरांतलीच असायची. माझा राग त्यांच्या पैशावर नव्हता. माझा राग त्यांच्या फोनवर होता. उशिरा आलेल्या मुलाला आज उडता येणार नाही असं सांगितलं की तो वाद घालायचा नाही. तो शांतपणे बाजूला जायचा, फोन लावायचा, आणि थोड्या वेळानं आपल्या ऑफिसातला फोन वाजायचा. कोणाचे काका मुंबईत मोठ्या खुर्चीवर, कोणाचे आजोबा संस्थेचे देणगीदार. एकदा जोराच्या वाऱ्यामुळे आपण सगळी उड्डाणं थांबवली तर एका मुलानं मला विचारलं, "सर, यासाठी कोणाशी बोलावं लागेल?" तो विनोद करत नव्हता. मी ती गोष्ट तुम्हाला चिडून सांगितली. तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग म्हणालात, त्याला वाऱ्याचा नंबर द्यायचा होतास.

तुमचा उपाय फळ्यावर होता. रोजच्या उड्डाणांच्या फळ्यावर फक्त पहिलं नाव लिहायचं. कोणी आडनाव लिहिलं की तुम्ही बोटानं पुसायच्या. आपल्याकडे आडनाव कळलं की माणूस कुठल्या घरचा, कोणाचा कोण, हे लोक मनातल्या मनात जोडून मोकळे होतात. वर्गात तुमचं मराठी पुस्तकासारखं असायचं. पण मनातलं बोलायला लागलात की अस्सल नागपुरी. "विमानाले आडनाव समजत नाही," हे तुम्ही नागपुरीतच म्हणायच्या.

तरी त्या मुलांवर तुम्ही कधी चिडला नाहीत, हे मला पटायचं नाही. मी म्हणायचो, यांना सरळ काढून टाका. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आज माझ्याबरोबर शिकवणाऱ्यांना जसंच्या तसं सांगतो.

"ज्याले घरी कोणी कधी नाही म्हटलं नाही, त्याले वाटते ढगही नाही म्हणणार नाही. त्याच्यावर रागावू नको गा. त्याची काळजी कर."

आणि मग ते संत्रं. विमान सुरू करण्याआधी वैमानिकानं त्याच्याभोवती पूर्ण फिरून प्रत्येक भाग स्वतः तपासायचा असतो, ही जगभरची रीत आहे. तुम्ही तिला प्रदक्षिणा म्हणायच्या. आणि विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार, म्हणजे त्याचा सोलो होणार, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कापडी पिशवीत एक संत्रं घालून ते विमानाला कुठंतरी बांधायच्या. शेपटीखालच्या कडीला, नाहीतर पंखाच्या दांडीला पलीकडून. लहान वस्तू विमानाजवळ नेऊ द्यायच्या नाहीत, ती कुठं पडली तर घात होतो, म्हणून संत्रं. मोसम नसला तर मोठा पेरू. ज्याला ते सापडलं त्यानं तिथंच खायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सोलो. संत्रं न शोधताच कोणी आत जाऊन बसलं तर तुम्ही हँगरच्या दारातून नुसता हात वर करायच्या. इंजिन सुरू व्हायच्या आत तो खाली उतरायचा.

यशची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण मला ती पुन्हा सांगायची आहे. त्यातून सुरू झालेला एक वाद आपण कित्येक वर्षं मिटवला नाही.

यशचे वडील तो लहान असतानाच गेले होते. मामांनी त्याला वाढवलं होतं. मामांची नागपूरबाहेर वाडी या गावाला ट्रान्सपोर्टची गोदामं होती आणि ते आपल्या समितीवर होते. यशची बॅग ड्रायव्हर आणायचा, पाण्याची बाटली ड्रायव्हर धरायचा. पण मॅडम, त्या मुलाचा हात काय सुरेख होता. विमान जमिनीला टेकलं हे कळायचं नाही. मला ते मान्य करायला जड जायचं, आणि ते तुम्हाला दिसायचं.

प्रदक्षिणा मात्र तो घालायचा नाही. विमान धुणारे, ढकलणारे आपले देवाजी होते, त्यांना खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी दिली की देवाजी विमानाभोवती फिरून यायचे आणि म्हणायचे, सब बढिया, यशबाबा. यश आत बसून गॉगल पुसत असायचा. मी त्याला किती वेळा बोललो. तो हो सर म्हणायचा, अगदी अदबीनं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी गाडी धुतलेली असते, टाकी भरलेली असते, त्यानं फक्त किल्ली फिरवायची असते. विमानही त्याला तसंच वाटायचं.

सोलोचा दिवस मामांनीच ठरवला. रविवार. आपल्याला कळायच्या आधी त्यांच्या नातेवाइकांना कळलं होतं. शनिवारी तुम्ही नेहमीसारखं संत्रं बांधलंत, शेपटीखाली. संत्र्याची गोष्ट आतल्या गोटात सगळ्या मुलांना माहीत असायचीच, यशलाही होती. आपण दोघं हँगरच्या दारात बसून पाहत होतो. थोड्या वेळानं यश आला. मागे देवाजी. देवाजींच्या हातात स्टीलची प्लेट, प्लेटमध्ये संत्रं. सोललेलं. पाकळ्या वेगळ्या करून, वरचे धागेसुद्धा काढून.

"मॅडम, सापडलं," यश म्हणाला.

मी ताडकन उठलो. तुम्ही एक पाकळी उचलली, खाल्ली, दुसरी यशला दिली. "गोड आहे," म्हणालात. मग देवाजींकडे वळलात. "देवाजी, मग तुमचा सोलो कधी ठेवायचा?"

"नाही जी मॅडम. मले झोपाळ्यावर चक्कर येते."

यशही हसला. त्याला वाटलं, झालं, पास झालो. तो गेल्यावर मी तुमच्याकडे पाहिलं. उद्याचं तू ठरव, एवढंच तुम्ही बोललात. तुमचं मत विचारलं तर म्हणालात, विद्यार्थी तुझा आहे.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. माझा करार त्याच महिन्यात संपत होता. नव्या करारावर समितीतल्या ज्यांच्या सह्या लागायच्या त्यात मामांची एक होती. माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि गावात बाबा अजूनही लोकांना सांगत होते की पोरगा आता शिकवतो.

रविवारी चार गाड्या आल्या. बर्फीचे डबे, फोटोग्राफर, यशच्या आत्याच्या हातात विमानाला ओवाळायचं ताट. मामा पांढऱ्या कपड्यांत. यश गणवेशात, खरंच देखणा दिसत होता. तुम्ही हँगरच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा घेऊन बसला होतात. मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की आज सोलो होणार नाही.

"काहून? लँडिंग चांगली नाही का त्याची?"

"लँडिंग माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मग?"

मी सांगितलं की तो विमान स्वतः तपासत नाही. आजवर विमान मी पुन्हा तपासायचो, शेजारी मी बसायचो. आज आत तो एकटा असेल, आणि बाहेर काय आहे ते त्याला माहीत नसेल.

"एवढ्याशा गोष्टीसाठी आमचे पाव्हणे वापस पाठवून राहिले तुम्ही?" मामांनी मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तं बोला."

मीही तुमच्याकडे पाहिलं. सगळ्या पाव्हण्यांनी पाहिलं. तुम्ही चहाचा घोट घेतलात. "विद्यार्थी त्याचा आहे," म्हणालात, आणि पुन्हा घोट घेतलात.

मामांनी ड्रायव्हरांना गाड्या काढायची खूण केली. मग म्हणाले, "ठीक आहे. पाहू." त्या 'पाहू'चा अर्थ मला नीट कळला. यश बुटांकडे बघत उभा होता. आत्यांनी ताटातली वात विझवली. गाड्या गेल्या. बर्फीचा एक डबा चुकून मागे राहिला, तो देवाजींनी सगळ्यांना वाटला. तुम्ही दोन तुकडे घेतलेत. मी घेतला नाही.

संध्याकाळी मी तुमच्याशी भांडलो. सगळ्यांसमोर मला एकटं का पाडलंत, असं विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात की मी बोलले असते तर ते 'नाही' माझं झालं असतं. मी वर्षभरात निवृत्त होणार, आणि माझ्यामागे तुझ्या 'नाही'ला कोणी विचारलं नसतं. मग तुम्ही उलट विचारलंत:

"खरं सांगजो. तयार नाही म्हणून थांबवला त्याले, का आवडत नाही म्हणून?"

मी म्हणालो, दोन्ही.

"मग आवडत नाही ते आता सोड. नाही म्हटलं म्हणजे काम झालं नाही. आता सुरू झालं."

यश काही दिवस आला नाही. मला वाटलं, आता येणारही नाही, येईल ती माझा करार संपल्याची चिठ्ठी. आणि एके सकाळी तो आला. ड्रायव्हर नव्हता. बॅग स्वतःच्या खांद्यावर. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, विमान बघू?" मी हो म्हटलं. देवाजी सवयीनं उठले, त्यांना मी खुणेनं बसवलं.

त्या दिवशी तुम्ही संत्रं बांधलं नव्हतं. मला वाटलं विसरलात. यश शेपटीखाली वाकला, पंखाखाली गेला, चाकांमागे गेला. टाकीत काठी घालून इंधन पाहिलं, तेल पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून फिरला. त्याच्या पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं. संत्रं नाहीच म्हटल्यावर तो प्रत्येक फट बघत होता. तिसऱ्या फेरीला तो पंखाखालच्या बारीक नळीपाशी थांबला. तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून आत वेग कळतो. तिच्यावरचं कापडी टोपण फाटलं होतं.

"सर, इकडे या जरा. यात माती आहे."

कुंभारमाशीनं त्या नळीत घर करायला घेतलं होतं. तसंच उडालो असतो तर वेगाचा काटा खोटं बोलला असता. मी पाहिलं, मान हलवली आणि मुद्दाम काहीच बोललो नाही. माझ्या बाजूनं ती परीक्षा तेव्हा सुरू झाली. आकाश स्वच्छ होतं, वारा नव्हता, आणि त्याला सोलो किती हवा होता हे मला माहीत होतं. यशनं एकदा आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर, आज नको. हे साफ होऊन तपासून येऊ दे."

मॅडम, ज्या घरात 'नाही' हा शब्द कधी आत आला नव्हता, त्या घरातला मुलगा तो शब्द स्वतःलाच म्हणाला. मी ते तुम्हाला सांगायला धावत ऑफिसात आलो. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "मग आता सोड की त्याले," म्हणालात. संत्रं तुमच्या टेबलाच्या खणात होतं. विसरला नव्हतात.

सोलो दुसऱ्या सकाळी झाला. पाव्हणे नाहीत, फोटोग्राफर नाही. विमान एकट्या यशला घेऊन वर गेलं, फेरी मारून आलं, टेकलं, आणि टेकलेलं कळलं नाही. रिवाजाप्रमाणे देवाजींनी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि जुन्या सगळ्या खर्ऱ्यांची परतफेड झाली असं जाहीर केलं.

त्याच आठवड्यात माझा करार सही होऊन आला. मामांच्या सहीसकट. मी छाती काढून फिरत होतो. खऱ्याला मरण नाही, वशिल्यापुढे मान तुकवली नाही की असं होतं, असं मी बायकोला सांगितलं, आईबाबांना फोनवर सांगितलं, देवाजींनाही सांगितलं. देवाजी ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "पण सर, मॅडम वाडीले जाऊन आल्या ना. मीच नेलं त्यायले, माह्या गाडीवर."

मग मला सगळं कळलं. त्या रविवारनंतर तुम्ही देवाजींच्या गाडीवर मागे बसून मामांच्या गोदामावर गेला होतात. ट्रक लागत होते, माल चढत होता. तुम्ही मामांना विचारलंत की तुमचा ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी काय करतो. मामा म्हणाले, टायरले लाथ मारून पाहते, दोर पाहते, स्वतः पाहते, नाही तं मी गाडी सोडतच नाही. तुम्ही म्हणालात, मग भाच्याले काहून नाही शिकवलं हे? देवाजी सांगत होते की त्यावर मामांनी तुमच्यासाठी चहा मागवला. आणि उठताना तुम्ही आणखी एक वाक्य बोललात: "नरेश माझा पोरगा आहे. त्याची सही अडवू नका."

मी सरळ बेशाला तुमच्या घरी आलो. तुम्ही अंगणात बसला होतात. मी म्हणालो, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, मग यशच्या मामांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?

"काही नाही," तुम्ही म्हणालात. "त्यानं भाच्यासाठी टाकला. मी तुह्यासाठी."

मी म्हणालो, मामांचा तो वशिला, तुमचं ते चांगुलपण.

"ज्याले भेटते त्याले चांगुलपण वाटते. पाहणाऱ्याले वशिलाच दिसते." आणि मग, अगदी सहज, "तुह्या निवडीच्या टायमालेही मीच बोलली होती. तुले काय वाटलं, तुही इंग्रजी ऐकून भाळले ते समितीवाले?"

 मी म्हणालो, मी माझ्या गुणांवर आलो. तुम्ही म्हणालात, गुण होते म्हणूनच शब्द टाकला, पण शब्द टाकला. दारापर्यंत प्रत्येकाला कोणीतरी पोचवतंच. कोणाला मामा, कोणाला मी. ज्याला कोणीच नसतं तो गावातच राहतो, त्याचे गुण कोणाला कळत नाहीत. प्रदक्षिणा तेवढी ज्याची त्यानं घालायची.

मला ते पटलं नाही. त्यानंतर दर दिवाळीला मी तुमच्याकडे फराळाला यायचो आणि चकलीची बशी पुढे करताना तुम्ही विचारायच्या, "पटलं का?" मी नाही म्हणायचो. तुम्ही म्हणायच्या, मग अजून एक घे. तुम्ही निवृत्त झालात, तुमची खुर्ची माझ्याकडे आली, फळ्यावरची आडनावं मी पुसायला लागलो, तरी आपला वाद तसाच. खरं तर मला तो संपायला नको होता.

तुमचं आजारपण वाढलं तेव्हा तुम्ही कोणाला भेटायला येऊ द्यायच्या नाहीत. मोबाईलवर वाचायला त्रास व्हायचा, म्हणून मी हातानं पत्र लिहून पाठवलं. उत्तराची अपेक्षा नव्हती. काही दिवसांनी यश आला. आता तो मोठ्या विमानात सहवैमानिक आहे. नागपूरला मुक्काम असला की तुमच्या औषधांचं तोच बघायचा, त्याला तुम्ही आत येऊ द्यायच्या. याचा मला थोडा हेवा वाटायचा. त्यानं बॅगेतून एक कापडी पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, मॅडमनी तुमचं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, पुष्कळ हसल्या, आणि हे द्यायला सांगितलं.

पिशवीत संत्रं होतं. मी ते स्वतः सोललं, अर्धं यशला दिलं. त्यानंतर आठवड्याभरात तुम्ही गेलात.

परवा सगळे विचारत होते की मी तुमच्याबद्दल सविस्तर काही का बोललो नाही. मला जे बोलायचं होतं ते तुम्हाला पोचलं होतं. ते पत्र असं:

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. तब्येतीचं विचारत नाही, तुम्हाला आवडत नाही.

काल शिष्यवृत्तीच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. तुमसरकडची एक मुलगी आली होती, कोमल. वडील भातगिरणीत आहेत, घरात शिकणारी ही पहिलीच. गणित आणि विज्ञान सगळ्यांत चांगलं. इंग्रजीत प्रश्न विचारला तर खाली बघत गप्प बसली. मी तिच्या हातांकडे पाहिलं. ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं, मी तेव्हा शर्टाचं धरायचो तसं. ती बाहेर गेल्यावर समिती तिचं नाव बाजूला ठेवायला लागली. मी उभा राहिलो. म्हणालो, हिला घ्या, इंग्रजीचं मी बघतो, ही माझी मुलगी समजा.

यशचे मामा अजून समितीवर आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "सर, तुम्ही वशिला लावून राहिले का?"

मी म्हणालो, हो.

ते हसले आणि त्यांनी सही केली. तेव्हा येत्या दिवाळीला तो प्रश्न विचारू नका. पटलं. माझा वशिला तुम्ही होतात, हे मला आधी कबूल करायला हवं होतं, पण मग चकल्या कमी मिळाल्या असत्या.

रविवारी कोमलला घरी बोलावलं आहे. आमच्या सोसायटीत निंब नाही, पार्किंगमधल्या खांबाभोवती फिरवीन. टॉवर मी. पोहे करायला शिकतो आहे.

तिच्यासाठी जे बोलायचं ते मी बोललो. संत्रं मात्र तिचं तिनंच शोधायचं. तिथं माझा शब्द चालणार नाही.

तुमचा,
नरेश